रजिस्टरातल्या नोंदींसाठी ग्रँट मिळेल का?

प्रश्न: ताई, गोवंडीत आम्ही दर शनिवारी मोफत कायदा सल्ला केंद्र चालवतो. सात वर्षांची रजिस्टरं भरलीयत. ग्रँट मागायला गेलो की म्हणतात डेटा दाखवा, आणि डेटासाठी पैसे मागितले की म्हणतात आम्ही फक्त कामाला देतो. काय करू?

उत्तर: अगं, तुझी तगमग कळते मला. डेटासाठी वेगळी ग्रँट मागत बसू नकोस, कामाच्याच प्रपोजलमध्ये एका माणसाचा अर्धवेळ पगार आणि एक लॅपटॉप टाक. कंपन्यांकडे जाणार असशील तर 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 बघ, ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजासाठीच्या कामांवर, खर्च करावे लागतात, पण ते पैसे घ्यायला तुमच्या संस्थेचं सीएसआर-1 हे सरकारकडचं रजिस्ट्रेशन आधी झालेलं हवं.

आणि डेटातून शोधायचा प्रश्न एकच धर. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीतल्याला उत्पन्न न बघता सरकारी मोफत वकील मिळतो. तुमच्याकडे आलेल्या किती बायकांना हे आधी माहीत होतं? रजिस्टरात ‘नवरा खर्च देत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं ना, त्याच्या शेजारी हा एक रकाना आजपासून आख, सहा महिन्यांत दाखवण्यासारखं काहीतरी हातात येईल.

फक्त नावं, पत्ते कुणालाही देऊ नकोस, पैसे देणाऱ्या संस्थेने मागितले तरी. त्या बाईने तुझ्यावर विश्वास टाकून सांगितलंय ते.