'माह्या पोरानं काय पाप केलं व बाई?'

प्रिय ताई,

मी नागपूरची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही जणी ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून दर गुरुवारी एका सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांसाठी डबे नेतो. पोळ्या, आलू-वांगं, वरण-भात. तिथं गडचिरोलीकडची एक बाई भेटली. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पेशंट. दुखायला लागलं की तो ओरडायचासुद्धा नाही, आईचा पदर दातांत घट्ट धरायचा. मांडीवर धाकटी मुलगी, एका हातात पुठ्ठा, पोराला वारा घालणं चालू. एकदा तिनं मला विचारलं, 'माह्या पोरानं असं काय पाप केलं व बाई?' मी वर्षानुवर्षं संडे स्कूल घेतलं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पुढच्या गुरुवारी गेले तर त्या खाटेवर दुसराच पेशंट. पोरगा गेला होता.

तेव्हापासून मी गेलेच नाही. बरोबरच्या बायांना गुडघ्याचं कारण सांगते. एक भगिनी म्हणाली, 'देवाची योजना असते, असं सांगायचं होतं.' घरी हे म्हणतात, सरकार आहे ना, तू कशाला जीव काढतेस. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. सिग्नलवर पोरं काचेवर हात मारतात तेव्हा मान फिरवते, मग दिवसभर लाज वाटते. प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत. देव दयाळू आहे, तर हे का? की माझाच विश्वास कमी पडतोय? माझा भाऊ २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेला, तेव्हासुद्धा मी अशी कोसळले नव्हते.

– एक भगिनी, नागपूर

प्रिय भगिनी,

तुम्ही गप्प राहिलात ते बरं केलंत. तुम्हाला ती हार वाटतेय, म्हणून हे आधी सांगते.

बायबलातल्या ईयोबाचे तीन मित्र आठवा. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गेलेला माणूस राखेत बसलाय आणि हे तिघं लांबून त्याला भेटायला आलेत. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख केवढं आहे ते त्यांना दिसत होतं. तोवर ते मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, 'तुझ्या हातून काहीतरी घडलं असणार' हे सुरू झालं, आणि सगळं बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या तिघांवर. देवाशी अध्यायच्या अध्याय भांडणारा ईयोबच माझ्याविषयी नीट बोलला, असं देव म्हणतो. आणि एवढं होऊनही हे असं का घडलं ते ईयोबाला कुणी सांगत नाही.

म्हणून 'देवाची योजना' हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही याबद्दल मी देवाचे आभार मानते. ते म्हणणारी भगिनी मनानं वाईट नसेल. अंत्यविधीला, आजाऱ्याच्या उशाशी आपण ते इतक्यांदा ऐकलंय की आपोआप येतं. पण त्या आईच्या कानांना त्याचा अर्थ एवढाच लागतो, की तुझं पोर न्यायचं देवानं आधीच ठरवलं होतं. हे मी कुठल्याही आईला सांगणार नाही, आणि कुणीच सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी आई आपणहून म्हणाली, 'देवानं नेलं, त्याच्याजवळ सुखात असंल', तर तिचा हात धरून 'हो' म्हणावं. तिचं ते तिनं शोधलेलं असतं. आपण ते तिच्यावर लादायचं नाही.

आता तिचा प्रश्न. तोच प्रश्न शिष्यांनी येशूला विचारला होता, योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात. वाटेत जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसला. पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. त्याच्या लगेच पुढे 'देवाची कार्ये प्रकट व्हावीत' असे शब्द येतात आणि ते धरून काही जण फिरून योजनेवर येतात. मी ते त्यानंतर जे घडलं त्याच्यासकट वाचते. येशू जमिनीवर थुंकला, चिखल केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. देवाचं कार्य म्हणजे तो चिखल लावणारा हात, असं मला वाटतं. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, यावर त्याचं उत्तर 'नाही' असंच होतं.

तेव्हा 'पाप नाही व माय, तुहंही नाही आणि पोराचंही नाही' एवढं ठामपणे म्हणायला हरकत नाही. आणि याखेरीज तिच्या प्रश्नाला एक साधं, वैद्यकीय उत्तरही आहे. ते मिळणं हा तिचा हक्क आहे. सिकलसेल आईबापांकडून रक्तात येतो. दोघंही वाहक असतील, आपल्याकडे ज्याला 'एएस' म्हणतात, तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष आजारी, निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून लग्न जुळवताना कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. एसएस मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत ती कळ उठते. अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, थंडी लागली की दुखणं उसळतं. विदर्भात आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तिथल्या किती आयांना करणी, बाहेरचं, मागच्या जन्मीचं असं काहीबाही ऐकून घ्यावं लागतं. खरं कारण कळल्यानं तिचं पोर परत येणार नाही. पण 'माझ्या हातून काहीतरी झालं' हा दगड तिच्या उरावरून उतरेल. त्या बाईला जो दिलासा हवा होता तो बराचसा इथं आहे असं मला वाटतं.

देव दयाळू आहे तर हे का? याचं उत्तर शास्त्रात मांडून ठेवलेलं नाही. तिथं आहे तो क्रूसावरचा येशू, आणि त्याच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' 'का' त्यानंही विचारलं, आणि त्या घटकेला वरून उत्तर आलं नाही. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी त्याच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तोही रडला, थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असताना. माझा विश्वास या देवावर आहे. तो वरून पाहत बसलेला नाही, वॉर्डात आहे, त्या पदर चावणाऱ्या पोराच्या बाजूला. याहून मोठं काही मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि याहून लहान काही सांगणार नाही.

त्यामुळे विश्वास कमी पडतोय ही भीती मनातून काढा. ज्याच्याकडून आशाच नाही त्याला कुणी 'का' विचारत बसत नाही. शब्द येत नसतील तर जबरदस्तीनं उपकारस्तुती करू नका. ८८वं स्तोत्र काढा आणि मोठ्यानं वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात आणि स्तुतीवर येतात. हे येत नाही, अंधारातच संपतं. आपल्या पूर्वजांनी ते गाळलं नाही. तुमच्यासारख्या दिवसांसाठीच त्यांनी ते ठेवलं असावं.

आता पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते. भावाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण मी तिथंच सगळ्यात जास्त वेळ थांबले. एप्रिल २०२१मधलं नागपूर मला आठवतं. बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, रेमडेसिवीरच्या चिठ्ठ्या घेऊन धावणारी माणसं, आणि किट घातलेल्या चार जणांनी उरकलेले दफनविधी. तेव्हा कोसळायला तुम्हाला सवड कुठं होती? घरातले दुसरे आजारी असतील, वहिनीला सांभाळायचं असेल, मुलांचं पाहायचं असेल. त्या गुरुवारी रिकाम्या खाटेपाशी उभ्या होतात तेव्हा तुम्ही फक्त त्या पोरासाठी रडत नव्हतात असं मला वाटतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी मागे घेईन. पण पटलं तर पाळकांशी बोला आणि भावासाठी स्मरणाची प्रार्थना ठेवा. त्या वेळी ज्यांना येता आलं नाही त्या सगळ्यांना बोलवा. कबरस्थानात जाऊन या. जेवण जात नाही, झोप लागत नाही असं आणखी आठवडा-दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही. आणि जेवा. तुम्ही उपाशी राहून वॉर्डातल्या कुणाचं पोट भरत नाही.

पुन्हा जायचं की नाही? जा, पण वेगळ्या रीतीनं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण वाटेत लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाच्या जखमा बांधून त्याला गाढवावर घालून उतारशाळेत नेण्यापर्यंत सांगतो. पुढचं फारसं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. 'याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन' असं सांगितलं आणि तो आपल्या कामाला निघून गेला. जखमी माणूस बरा होईपर्यंत तो उशाशी बसून राहिला नाही. येशूच्या गोष्टीत शेजारी ठरला तो हाच माणूस. जवळ होतं ते दिलं, पुढचं दुसऱ्याच्या हाती सोपवलं, आणि परत येऊन विचारपूस करायचं कबूल केलं. तुम्ही मात्र ते पोर वाचवायची जबाबदारी स्वतःवर घेऊन बसलात. ती कुणी तुमच्यावर टाकली नव्हती.

तेव्हा दर गुरुवार नको, महिन्यातून दोनदा जा. बरोबरच्या बायांना गुडघ्याचं खोटं कारण न सांगता खरं सांगा. त्यांच्यातल्या आणखी एखादीच्या घशातही घास अडकला असेल. पहिल्या मंडळीत तक्रार उठली तीही जेवणाच्या वाटपावरून, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं नाही, त्या कामावर सात माणसं नेमली. तुमच्या मंडळीतही पाळ्या लावा. पोळ्या कुणी करायच्या, नेऊन कुणी द्यायच्या, वॉर्डात बसून ऐकणारी कोण, हे वेगवेगळं असू द्या. सगळ्याच जणी ऐकू शकत नाहीत, आणि ज्यांना जमतं त्यांनाही ते रोज झेपत नाही.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ते सरकारचंच काम आहे. पण नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाटहून आलेल्या माणसाला सरकार कुठल्या खिडकीवर बसतं तेच कळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतात, समाजसेवा अधीक्षक असतात. सिकलसेल पेशंटला साध्या एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, दिव्यांग प्रमाणपत्राच्या यादीत हा आजार आहे. निवृत्त शिक्षिकेला फॉर्म भरता येतो, साहेबाशी न घाबरता बोलता येतं. तुमचा हा गुण डब्याइतकाच मोलाचा आहे. यजमानांना सोबत न्या, सरकारवर त्यांचा एवढा भरवसा आहे तर तीच खिडकी त्यांना शोधू द्या. घरातल्या ज्यांना जमतं त्यांनी रक्त द्यावं, उन्हाळ्यात रक्तपेढ्यांना चणचण असते.

एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगते. डब्यासोबत पत्रक देऊ नका, प्रार्थनेची अट घालू नका. कुणी आपणहून 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं तर आनंदानं करा. पण पोर तापानं फणफणलेलं असताना आई कशालाही हो म्हणेल. त्या 'हो'चा फायदा घेणं मला ख्रिस्ताचं वाटत नाही. 'मी भुकेला होतो' असं तो मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात म्हणतो, तेव्हा खायला देणाऱ्यांना आपण कुणाला देतोय हेही ठाऊक नव्हतं.

सिग्नलचं थोडक्यात सांगते. पैसे द्यायचे की नाहीत याचा एकच नियम माझ्याकडे नाही. काच खाली करा, पोराकडे बघा, 'आज नाही रे बाळा' म्हणा किंवा बिस्किटाचा पुडा द्या. मान फिरवली म्हणूनच तुम्हाला लाज वाटते. पोर एकटं, जखमी किंवा कुणाच्या धाकात दिसलं तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आणि ती धाकटी मुलगी. भाऊ एसएस होता म्हणजे तीही असू शकते. रक्ताची साधी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते. लवकर कळलं तर गोळ्या, लसी, भरपूर पाणी यांवर पुष्कळ सांभाळता येतं. तुमच्यापैकी कुणीतरी त्या आईचा मोबाइल नंबर घेतला असेल, नसेल तर वॉर्डातल्या सिस्टरांना किंवा समाजसेवा अधीक्षकांना 'निरोप पोचवा' म्हणून विनंती करा. फोन लागला तर आधी पोराचं नाव घेऊन बोला, तिला जे सांगायचंय ते सांगू द्या. मग धाकटीच्या तपासणीचं विचारा, आणि तपासणीसाठी ती नागपूरला आली तर दोघींना आधी तुमच्या घरी जेवायला बोलवा.

तुमची,
ताई