कोल्हापुरात नोकरी, पहिलंच घर, बजेट 35 लाख. रोज ये-जा करायला सुरक्षित गाव कोणतं, इचलकरंजी, जयसिंगपूर, पेठवडगाव की कागल?

तुम्ही विचारलेल्या चार गावांतली तीन नदीच्या पलीकडं आहेत. इचलकरंजी, जयसिंगपूर, पेठवडगाव, कुठूनही कोल्हापुरात यायचं तर पंचगंगा ओलांडावी लागते, आणि बहुतेकांची वाट सांगली फाट्यावरून शिरोलीच्या पुलावर येते. कागल तेवढं अलीकडं. माझ्यापुरता निकाल इथंच लागतो. पण 'सुरक्षित' म्हणताना तुम्ही चोऱ्यामाऱ्या, रात्रीची शेवटची बस, मुलांची शाळा एवढंच लिहिलंय, पुराचा शब्द नाही. ते वाचून राहवलं नाही.

मी शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. सासर शिरोलीच्या पुढं, हातकणंगले तालुक्यात. घर उंचावर, 2005 च्या पुरात अंगणालाही पाणी लागलं नव्हतं. हे मला लग्नाच्या बैठकीत अभिमानानं सांगितलेलं, आणि ते खरंच आहे.

ऑगस्ट 2019. मी रात्रपाळीला आले तेव्हा शिवाजी पुलाला पाणी मच्छिंद्री (मोठ्या पुराची इथली जुनी खूण) होऊन गेलं होतं, पण हायवे चालू होता. सकाळी ड्यूटी संपली आणि शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आल्याचं कळलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. रेल्वे बंद, एसटी बंद, हायवेवर ट्रकांच्या रांगा. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. ती पलीकडं, मी अलीकडं.

चेंजिंग रूममधल्या बेसिनमध्ये मी दूध पिळून टाकायचे. नळ मोठा सोडायचे, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. छाती दगडासारखी व्हायची, ताप चढायचा, तशीच वॉर्डात जायचे, कारण निम्मा स्टाफ पुरात अडकलेला आणि पूरग्रस्त भागातून हलवलेले पेशंट येतच होते. सासूबाई वाटी-चमच्यानं तिला गाईचं दूध पाजत होत्या. फोनवर तिचं रडणं ऐकू यायचं, मग फोन बंद पडायचा, तिकडं लाईटच नव्हती. पाणी उतरायला लागल्यावर एका बाजूनं फक्त अत्यावश्यक गाड्या सोडल्या, तेव्हा औषधांच्या टेम्पोत बसून मी घरी गेले. घर कोरडं ठणठणीत. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, दारातच म्हणाले, "बघा, उंबऱ्याला पाणी शिवलं नाही."

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. रोज शहरात जाणाऱ्या माणसानं घर कोरडं राहतं का हे नंतर विचारावं, वाट कोरडी राहते का हे आधी. एजंट तुम्हाला प्लॉट पूररेषेबाहेर आहे म्हणून नकाशा दाखवेल. नकाशात निळी रेषा असते ती 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि तुमचा प्लॉट दोन्हींच्या बाहेर असेलही. त्या रेषा प्लॉटच्या बघून भागत नाही, रस्ता त्यांच्यातून कुठं जातो ते बघा. त्या गावातल्या डेअरीवर जाऊन विचारा, 2019 आणि 2021 ला दुधाची गाडी किती दिवस आली नव्हती. दूधवाल्याला खोटं बोलून काही मिळवायचं नसतं.

घर घ्यायची वेळ आली तेव्हा भाऊजींनी नदीपलीकडंच, शियेच्या बाजूला एक रो हाऊस काढलं होतं. दर कमी, ओळखीचा माणूस, "आपली माणसं जवळ राहतील." मी नाही म्हटलं. त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही, पण "पगार मिळवते म्हणून जमिनीतलं कळतं असं नाही" हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. हप्ता माझ्या पगारातून जाणार होता, तर जागा मीच ठरवणार. मिस्टर माझ्या बाजूनं राहिले. आम्ही कागल रोडला, गोकुळ शिरगावच्या पुढं फ्लॅट घेतला. 2020 च्या शेवटी सरकारनं मुद्रांक शुल्क उतरवलं होतं, तेही साधलं. जुलै 2021 ला पाणी 2019 च्याही वर गेलं, शिरोलीला हायवे पुन्हा बंद झाला, आणि मी एकही पाळी न चुकवता रोज रात्री माझ्या पोरीजवळ होते. आता भाऊजी म्हणतात, शिरोलीजवळ पंचगंगेवर नवा बास्केट ब्रिज होतोय, मग बघा नदीपलीकडचे दर. भूमिपूजन 2023 ला झालं. पुलावरनं पुरात गाडी गेली की बोलू.

बाकी गावांचं थोडक्यात. पुराचं सोडलं तर जयसिंगपूर मला मनापासून आवडतं. शाहू महाराजांनी वडिलांच्या, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं, सरळ आखलेल्या नंबरी गल्ल्या, रेल्वेचा पास स्वस्त. सांगलीला नोकरी असती तर डोळे झाकून तेच सांगितलं असतं. पण रुकडीच्या पुलाजवळ पाणी वाढलं की गाड्या मिरजेतच थांबतात. इचलकरंजीत पिण्याच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतोय. पेठवडगाव शांत आहे, पण तिथूनही शेवटी तोच पूल.

कागदपत्रांत एकच गोष्ट ठासून सांगते. आठपर्यंत फ्लॅट किंवा 500 चौरस मीटरपर्यंतची जागा असेल तर महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी सक्तीची नाही, आणि शहराभोवती अशा छोट्या इमारतींचंच पीक आहे. तिथं बिल्डर "रेरा लागत नाही" म्हणतो ते बरोबर असतं, पण मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) तरीही लागतंच. "गुंठेवारीत (परवानगीशिवाय तुकडे पाडलेल्या जमिनीच्या कायद्यात) नियमित होईल" म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहासुद्धा न घेता उठा.

हे वाचून कागलकडं सगळं गोड आहे असं समजू नका. आमच्याकडं एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्सच्या वर वेगळे जातात. वाऱ्याची दिशा बदलली की एमआयडीसीतल्या फौंड्रीचा वास खोलीपर्यंत येतो. हायवेच्या सहापदरीकरणात सर्व्हिस रोडची पार दैना झाली आहे. रात्री एसटीतून उतरल्यावर रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग किती लांब आहे, तिथं दिवे आहेत का, हे घर बघायला जाल तेव्हा अंधार पडल्यावर स्वतः चालून बघा. दुपारी गाडीतून दाखवतात तेव्हा यातलं काही दिसत नाही. आणि तुमची ड्यूटी ठरलेल्या दिवसपाळीची असेल, घरात लहान मूल नसेल, पुराचे आठ दिवस सुट्टी टाकून चालत असेल, तर नदीपलीकडं तुमच्या बजेटमध्ये जागा मोठी मिळेल, हे मान्य.

तुम्ही लिहिलंय की बायकोही नोकरी करते. मग घर तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचा विचार करा, मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. नावावर नाही केलंत तरी जागा बघायला तिला पहिल्या दिवसापासून बरोबर न्या.