घाटात गाडी उतरवताना

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी नेण्याची नोकरी तुम्हाला मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पहिल्या खेपेआधी आंबा घाटाविषयी काही सांगणे मला आवश्यक वाटते. परतीच्या वाटेवर भाजीपाला भरून साखरप्याकडे उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल कधीही करू नये, कारण मग सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेकमधले अस्तर म्हणजे लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. मी नवखा असताना एका वळणाआधी जळक्या रबरासारखा वास आला. गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला थांबवली, तेव्हा चाकांमधून धूर निघत होता आणि माझे पाय थरथरत होते. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तसा नियमच आहे. पावसाळ्यात दरडीखाली चहासाठीसुद्धा थांबू नये. क्रेटमधले बर्फाचे पाणी रस्त्यावर सांडले, तर मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, म्हणून निघण्यापूर्वी हे पाणी साठणाऱ्या हौद्यातील टाकीचा नळ बंद आहे ना, हे स्वतः वाकून पाहावे.