आजीच्या यादीत आपण शेवटी का?

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीने दिवाळीची यादी वाचली, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, यात मावशी आणि वॉचमनकाका आधी आणि आपण सगळ्यात शेवटी, असं का?" तेव्हा नीट सांगायला वेळ नव्हता, म्हणून लिहितोय.

पेन्शन आली की आजी दर महिन्याला हजार रुपये बाजूला काढते. दिवाळीपर्यंत बारा हजार जमतात. त्यातून आधी स्वयंपाकाच्या मावशींना एक महिन्याचा पगार, म्हणजे चार हजार. मग वॉचमनकाका, कचरा नेणारे, पेपरवाला, दूधवाला यांची पोस्त, मिळून तीन हजार. उरलेल्या पाच हजारांत फराळाचं सामान, पणत्या आणि तुम्हा नातवंडांचे कपडे. तूप-बेसन महागलं तर कपडे साधे येतात, पण पाकिटांना हात लागत नाही.

एक महिन्याचा पगारच का? कारखान्यांतल्या बोनससाठी 1965 साली कायदा झाला. त्यात पुढे किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के ठरला, म्हणजे बारावा हिस्सा. घरकामाला तो कायदा लागू नव्हता. तरी पुष्कळ घरांत तोच हिशेब पाळतात, आणि पाळायलाच हवा. मावशींची सुट्टी आपण पटकन मोजतो, मग त्यांची दिवाळीही मोजली पाहिजे.

आणि हे पैसे वसुबारसेच्या आधी हातात पडतात. आजी बँकेतून कोऱ्या नोटा आणते, पाकिटावर नाव घालते, वर एक रुपयाचं नाणं ठेवते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाकीट दिलं तर मावशींनी मुलांचे कपडे घ्यायचे कधी आणि चकल्या तळायच्या कधी? आपल्याला भेट चार दिवस उशिरा मिळाली तरी काही बिघडत नाही. त्यांचं बिघडतं.

आत्याची ओवाळणी मी इथून भाऊबीजेच्या आधी पाठवतोय. तिला दरवर्षी साडी नको असते, म्हणून या वेळी तिलाच विचारलं. तिने प्रेशर कुकर सांगितला. मला ते आवडलं.

आता तुझी डिसेंबरची यादी. त्यात मित्रांची नावं आहेत, बाईंचं आहे, पण टोरांटोच्या बर्फात रोज सकाळी तुला शाळेत सोडणाऱ्या बसवाल्या काकांचं नाही. त्यांचं नाव वर घाल. रक्कम शनिवारी दोघं मिळून ठरवू, आणि पुरत नसेल तर माझी भेट काट.

तुझा,
बाबा