पॉझिटिव्ह राहिले नाही, तर आजार उलटेल?

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या बहुतेक बायकांच्या मनात हा प्रश्न असतो. पुढची हकीगत अशा अनेकींच्या अनुभवांतून गुंफली आहे.

ताईंचे रिपोर्ट चांगले होते, पण झोप नव्हती. कुणी "पॉझिटिव्ह राहा" म्हणालं की त्या न्हाणीघरात नळ सोडून रडून घेत. त्यांना आधी हेच स्पष्ट सांगितलं: भीती वाटल्याने कॅन्सर परत येतो, याला ठोस पुरावा नाही. निम्मं ओझं तिथंच उतरलं.

दुसरी तक्रार विचित्र वाटेल. कोकम सरबत दिसलं की उलटी. केमोतलं डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असतं. शरीरानं त्या रंगाची मळमळीशी गाठ मारलेली. यजमानांनी "सवय होईल" म्हणून भरला पेलाच हातात दिला आणि त्या उठून पळाल्या. घोळ इथंच होतो. भीती ऐन भरात असताना पळालं की मेंदू धडा घेतो, पळालो म्हणून वाचलो. म्हणून पेला आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. भीतीला 0 ते 10 गुण द्यायचे, 7 चे 3 होईतो बसून राहायचं. 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. ते जमलं की पेला टेबलावर, मग वास, शेवटी एक घोट.

तपासणी जवळ आली की त्या पेट स्कॅनचा, म्हणजे अंगात कुठे कॅन्सर आहे का हे दाखवणाऱ्या स्कॅनचा, हट्ट धरत. लक्षणं नसताना असा स्कॅन नेहमीच्या तपासणीत सुचवला जात नाही, आणि त्याचा दिलासा चार दिवसही टिकत नाही. त्यापेक्षा कोणत्या लक्षणाला लगेच यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

दुःस्वप्नं, दचकणं, दवाखाना टाळणं महिन्याहून जास्त चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परतू नये म्हणून दिली जाणारी गोळी, चालू असेल तर आवर्जून सांगा. फ्लुओक्झेटिन आणि पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं तिचा परिणाम कमी करू शकतात. रात्रीबेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

आशेबद्दल भाषण दिलं नाही. "येत्या पंधरवड्यात काय करावंसं वाटतं?" एवढंच विचारलं. "उडदाचे पापड." मग ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सुजला तर? पीठ जाऊबाई कुटतील, ताई लाट्या करतील. नाहीच सुजला, तर थोडे लाटतीलही. मधूनमधून हात टेकवून.