आबांना अँटीबॉडी द्यायची म्हणताहेत, देऊ का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीचं शेत आहे. आबा ६२ वर्षांचे, त्यांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, सहा केमो झाल्या, सोबत रिटुक्सिमॅब होतं, शेवटचा डोस चार महिन्यांपूर्वी. कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं, सुरतचा चुलतभाऊ सर्दी-खोकला घेऊनच आला आणि चार दिवसांत आबांना ताप अन् दम. आता जळगावला ॲडमिट आहेत, फ्लू पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणतात अंगात अँटीबॉडी फारच कमी आहेत, आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटीबॉडीच्या बाटल्या, द्यावं लागेल, पण महाग आहे. शेजारचे म्हणतात करोनात द्यायचे तसा प्लाझ्मा द्या, माझा रक्तगट पण जुळतो. आबांचं एकच चाललंय, "माले घर ली चाल." काय करू?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी हे बघा की ओसेल्टामिविर, म्हणजे आपण टॅमीफ्लू म्हणतो ती गोळी, सुरू झालीय ना. ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू झाली तर सगळ्यात चांगलं, पण आबांसारख्या ॲडमिट पेशंटला उशीर झाला असला तरी देतातच. फ्लूच्या व्हायरसला थेट रोखणारं औषध ते आहे, आयव्हीआयजी नाही, हा फरक नीट लक्षात घ्या कारण बाटल्यांच्या पैशांची जुळवाजुळव करताना घरचे लोक नेमकी गोळीची चौकशी विसरतात.

अँटीबॉडी कमी का झाल्या? आपल्या रक्तात बी-पेशी असतात, त्यांच्यापासूनच पुढे अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशी होतात. आबांचा कॅन्सर बहुतेक याच बी-पेशींचा, आणि रिटुक्सिमॅब, जी स्वतः लॅबमध्ये बनवलेली अँटीबॉडीच आहे, ती या पेशींना शोधून मारते, त्यात चांगल्या पेशीही जातात आणि शेवटच्या डोसनंतर सहा महिने तरी, कधी वर्षभर, परत भरून येत नाहीत. म्हणून आबांचं शरीर आत्ता नव्या व्हायरसविरुद्ध स्वतःची अँटीबॉडी जवळजवळ बनवूच शकत नाही.

आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गाळून काढलेल्या तयार अँटीबॉडी. त्याला रक्तगट जुळवावा लागत नाही. साधारण हिशोब किलोमागे ०.४ ग्रॅम, म्हणजे आबा ६० किलोचे असतील तर २४ ग्रॅम, पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या. या अँटीबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात म्हणून गरज राहिली तर दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यावं लागतं. आता तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा, आबांचा आयजीजी, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटीबॉडीचं प्रमाण, किती आला? डेसिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि वारंवार इन्फेक्शन होत असतील तर मी तरी द्या म्हणेन, कारण फ्लूच्या मागोमाग येणारा बॅक्टेरियाचा न्यूमोनिया अशा पेशंटला जास्त छळतो आणि तिथे याचा आधार होतो. पण फ्लू बरा व्हावा एवढ्यासाठीच देत असतील तर थोडं थांबा, दाखल पेशंटमध्ये तसे प्रयोग झालेत, फ्लूविरुद्ध मुद्दाम तयार केलेल्या जोरदार अँटीबॉडी देऊनसुद्धा एकंदर फायदा दिसला नाही.

प्लाझ्माचं तर मला मनापासून सांगायचंय. २०२१ च्या एप्रिलात रात्री अकरा-अकराला फोन यायचे, प्लाझ्मा बघा हो म्हणून, लोक अक्षरशः रडायचे. तोवर आयसीएमआर या सरकारी संशोधन संस्थेचा ३९ हॉस्पिटल आणि ४६४ पेशंटचा अभ्यास येऊन गेला होता की मध्यम आजाराच्या करोना पेशंटला प्लाझ्माने फरक पडत नाही, मे २०२१ मध्ये प्लाझ्मा सरकारी उपचारातून काढला. तुमचा रक्तगट जुळतो म्हणून तुमच्या प्लाझ्मात फ्लूच्या पुरेशा अँटीबॉडी असतीलच असं नाही, त्यामुळे तो नाद सोडा.

एक गोष्ट मात्र खरी. त्याच साली ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये करोनाच्या दाखल पेशंटना लॅबमधल्या दोन अँटीबॉडींचं कॉकटेल दिलं, तेव्हा ज्यांच्या अंगात स्वतःच्या अँटीबॉडी नव्हत्या त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले आणि ज्यांच्या होत्या त्यांना काहीच फायदा नाही. म्हणजे बाहेरून दिलेली अँटीबॉडी रिकाम्या अंगाला लागू पडते, पण ती त्या व्हायरसवर बसली पाहिजे, ओमिक्रॉन आल्यावर तेच कॉकटेल निकामी झालं.

आयव्हीआयजी द्यायचं ठरलं तर पहिली बाटली लावायच्या आधी हिपॅटायटिस बीच्या टेस्टचं रक्त घेऊ द्या. रिटुक्सिमॅबने दबलेला हिपॅटायटिस बी उसळू शकतो म्हणून ती टेस्ट महत्त्वाची, आणि आयव्हीआयजीनंतर दात्यांच्या अँटीबॉडीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. बाटली सुरुवातीला हळू लावतात, थंडी वाजली, डोकं दुखलं तर लगेच सिस्टरला सांगा. किडनीचा त्रास किंवा पायात गुठळी झालेली असेल तर ते लपवू नका. आणि आबांना घरी नेऊ नका भाऊ, ऑक्सिजन लागतोय तोवर तर नाहीच. घरच्या सगळ्यांनी मात्र फ्लूची लस घ्या, आबांच्या अंगात ती सध्या नीट धरणार नाही, तुमच्या अंगात धरेल.

प्रश्न : शिरपूरहून लिहितेय. मुलगा सात वर्षांचा, ब्लड कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत, कांजिण्या कधी झाल्या नाहीत. परवा तो शेजारच्या मुलाबरोबर दिवसभर खेळला आणि आज त्या मुलाच्या अंगावर कांजिण्या दिसल्या. सासूबाई म्हणतात देवीचं आहे, औषध द्यायचं नसतं.

उत्तर : ताई, सासूबाईंनी कडुलिंब ठेवू दे, पण आजच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून कांजिण्या पसरतात, म्हणजे परवाचं खेळणं धरायचं. इथे अँटीबॉडी खरोखर कामाची आहे, कांजिण्यांची खास इम्युनोग्लोब्युलिन संपर्कानंतर दहा दिवसांपर्यंत देतात, जितकी लवकर तितकी बरी. ती मिळाली नाही तर आयव्हीआयजी किंवा ॲसायक्लोव्हिर (कांजिण्यांच्या व्हायरसला रोखणारं औषध), ते डॉक्टर ठरवतील. एक जरी फोड दिसला तरी रात्र असो की पहाट, ॲडमिट करून शिरेतून ॲसायक्लोव्हिर लागतं. आणि न कळवता ओपीडीत जाऊन बसू नका, तिथे केमोची दुसरी मुलं असतात. संपर्काच्या आठव्या दिवसापासून २१ व्या दिवसापर्यंत त्याला वेगळं ठेवा, अँटीबॉडी दिली तर २८ व्या दिवसापर्यंत, कारण तिने पुरळ उशिरा येऊ शकतं.