अपील मागे घ्यावे की तडजोडीने निकाली काढावे?

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत हळद व बेदाणा पॅकिंग करणारी आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीने बाकीसाठी केलेल्या दाव्यात आमच्याविरुद्ध १८ लाखांचा हुकूमनामा झाला. त्यावरचे आमचे अपील आणि व्याजासाठी त्यांनी घेतलेले क्रॉस ऑब्जेक्शन (आमच्या अपिलातच नोंदवलेली उलट हरकत) सांगलीच्या जिल्हा न्यायालयात प्रलंबित आहे. आता १३ लाखांवर मिटले आहे. ‘स्टॅम्पपेपरवर करार करू, तुम्ही अपील मागे घेतल्याची पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) द्या,’ असे ते म्हणतात. एवढ्याने भागेल काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भागणार नाही. अपील नुसते मागे घेतले की खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा जसाच्या तसा कायम राहतो. म्हणजे कागदोपत्री आपले देणे १८ लाखांचेच उरते आणि त्याच्या वसुलीची दरखास्त दाखल करण्यास समोरच्या कंपनीला १२ वर्षांची मुदत असते. त्या वेळी आपण स्टॅम्पपेपर पुढे केलात, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे न्यायालयात नोंद न झालेली फेड किंवा तडजोड दरखास्तीत विचारातच घेतली जात नाही, आणि ती नोंद करून मागण्यासाठी ऋणकोला अवघे ३० दिवस मिळतात. समोरच्यांच्या मनात काळेबेरे असेलच असे नाही; पण संचालक बदलतात, कंपन्या विकल्या जातात आणि नव्या माणसाच्या हाती फक्त हुकूमनाम्याची नक्कल येते.

म्हणून आदेश २३, नियम ३ खाली अपिलातच तडजोड दाखल करावी. ती लेखी आणि उभय पक्षांच्या सहीची असली, कायदेशीर असल्याची न्यायालयाची खात्री पटली, की तिच्याप्रमाणे नवा हुकूमनामा होतो व जुन्याची जागा घेतो. १३ लाख किती हप्त्यांत द्यायचे, हप्ता चुकल्यास काय, स्थगितीसाठी न्यायालयात रक्कम भरली असल्यास ती कोणी उचलायची, हे तीत स्वच्छ लिहावे. क्रॉस ऑब्जेक्शनचा उल्लेख तर विसरूच नये, कारण आदेश ४१, नियम २२(४) प्रमाणे अपील मागे घेतले गेले तरी त्याची सुनावणी होऊ शकते. आपण निश्चिंत व्हाल आणि व्याजाचा वाद मात्र चालूच राहील. सही करणाऱ्यास तसा अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव दोन्ही कंपन्यांनी जोडावा.

हीच तडजोड लोकअदालतीत ठेवता येते. तेथील निवाडा हुकूमनाम्याच्याच तोडीचा असतो, त्यावर अपील चालत नाही, शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार भरलेली कोर्ट फी परत मिळते. छोट्या कंपनीला ही रक्कमही सोडून देण्याजोगी नसते.

आपण १३ लाख एकरकमी देणार असाल आणि हुकूमनामा पूर्ण फिटल्याची पुरसिस समोरच्यांनी त्याच दिवशी मूळ न्यायालयात देऊन क्रॉस ऑब्जेक्शनही काढून घेतले, तर मात्र अपील नुसते मागे घेण्यास हरकत नाही.